डावीकडे न वळणारी वुल्व्हरीन

वुल्व्हरीन ही मोटार नाही, ती निष्ठा आहे, असं माझा मेव्हणा कर्टिस विटेक छातीवर हात ठेवून सांगत असे. ही निष्ठा जवळजवळ तीन वर्षं माझ्या गॅरेजमध्ये लाकडी ठोकळ्यांवर, चाकांविना उभी होती, आणि मिशिगनच्या हिवाळ्यात मी माझ्या निष्ठाहीन गाडीवरचं बर्फ रोज सकाळी बाहेर अंगणात खरवडत होतो.

त्यामागे विटेक घराण्याची एक कथा आहे. माझे सासरे लॅडी विटेक हे आमच्या ब्रिस्टर गावच्या मोटार कारखान्यात होते. सत्तर साली, ऐन चोविशीत, त्यांनी आयुष्यातली पहिली कोरी गाडी घेतली: नारिंगी वुल्व्हरीन, सगळ्यात मोठ्या इंजिनाची, जिला लोक आज मसल कार म्हणून नमस्कार करतात. त्या रंगाच्या अकराच निघाल्या होत्या. पुढे कर्टिस पोटात आला आणि लॅडींनी जिवापाड आवडती गाडी विकून पाळणा आणला. माझ्या सासूबाई, बर्निस, दर थँक्सगिव्हिंगला टर्की कापून झाली की ही कथा सांगत, डोळे पुसत आणि कर्टिसकडे वळून म्हणत, “तुझ्या डॅडने तुझ्यासाठी काय सोडलं, विसरू नकोस हं.”

कर्टिस विसरला नाही. लहानपणापासून तो ताटातला शेवटचा तुकडा वडिलांना देत आला. स्वतःच्या लग्नात भाषणाला उभा राहिला आणि त्याने सगळ्यांसमोर वडिलांची माफी मागितली. नवरीकडच्यांना ते जरा विचित्र वाटलं. लॅडी त्या वेळी उकडलेल्या बटाट्याकडे बघत होते. माणूस मुळातच अबोल, असं आम्ही धरून चाललो होतो.

सासूबाई गेल्या. मग एके दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी लॅडींना सांगितलं की नजर उतरत चालली आहे, दोन-तीन वर्षांत गाडी चालवणं बंद करावं लागेल. आमच्याकडे माणसाचं लायसन्स गेलं म्हणजे तो गेलाच, फक्त फुलं यायची राहिलेली असतात. लॅडींनी टोपी घातली आणि ते स्वतः गाडी चालवत घरी गेले. कर्टिस मात्र त्याच संध्याकाळी माझ्याकडे आला.

“लायसन्स जायच्या आत डॅड आपली गाडी एकदा चालवणार,” तो म्हणाला. “माझ्यामुळे गेलेली त्यांना परत देणार.”

“तशी गाडी मिळेल कुठे?”

“तशी नको. तीच हवी.”

मला वाटलं, होईल शांत. पण वुल्व्हरीनवाल्यांचा एक क्लब आहे आणि त्या अकरा नारिंगी गाड्यांचा ठावठिकाणा ते लोक नातवंडांसारखा सांगतात. सात भंगारात गेल्या. तिघींचे मालक माहीत होते, आणि त्यांच्यापैकी एकीचाही ब्रिस्टरशी संबंध नव्हता. उरलेली एक इंडियानात टर्कीच्या एका फार्मवर असल्याची कुजबुज होती.

आम्ही गेलो. मालकीणबाईंचं नाव ऑर्फा. नवरा वारलेला, पायात गमबूट, हातात दाण्यांची बादली.

“गाडी मागच्या गोठ्यात आहे,” त्या म्हणाल्या. “आत रॅकून आहेत. घ्यायची तर त्यांच्यासकट.”

गोठ्याचं दार सरकवलं आणि मी जे पाहिलं त्याला गाडी म्हणायला धाडस लागतं. तळाचा पत्रा असा नव्हताच. सीटखालून सरळ गवत उगवलं होतं. छतावर कोंबड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या काम केलेलं. एका बाजूला पत्र्याला इतकी भोकं की पलीकडचा रॅकून आमच्याकडे बघत होता आणि आम्ही त्याच्याकडे. धक्का कोणाला जास्त बसला, सांगता येणार नाही.

कर्टिसने खिशातून किल्ली काढली. लॅडींच्या स्वयंपाकघरातल्या खणात, विझलेल्या बॅटऱ्या आणि रबरबँडांच्या गर्दीत ती जन्मभर पडून होती. त्याने ती दाराच्या कुलपात घातली. दाराने कण्हल्यासारखं केलं आणि ते उघडलं.

कर्टिस शेणात गुडघ्यावर बसला आणि रडायला लागला.

“यांना बरं नाही का?” ऑर्फाबाईंनी मला विचारलं.

“वडिलांची गाडी आहे ती.”

“असं होय. माझ्या नवऱ्याने लाडाने घेतली होती. उन्हाळाभर चालवली. मग म्हणायला लागला, गाडीत कोणीतरी ग्लास किणकिणवतं. मी म्हटलं, तू पितोस म्हणून. तर त्याने पिणं सोडलं. तरी किणकिण येतच होती. मग त्याने गाडी सोडली आणि पिणं परत सुरू केलं.”

हे सगळं मी ऐकलं. कर्टिसने ऐकलं नाही, कारण तो दाराच्या कडीचं चुंबन घेत होता. जी किंमत ऑर्फाबाईंनी सांगितली तिला त्याने एका श्वासात हो म्हटलं. त्यामुळे बाईंना इतका धक्का बसला की त्यांनी वर दोन टर्क्या दिल्या.

त्यानंतर माझं गॅरेज गेलं, कारण कर्टिसच्या गॅरेजला उंबरठा होता आणि निष्ठेला उंबरठा चालत नाही.

आता, मला भोळ्याला वाटायचं की मोडकी गाडी दुरुस्त करायची म्हणजे चांगली करायची. क्लबाचा धर्म वेगळा आहे. गाडी चांगली करायची नसते, कारखान्यातून निघाली होती तशी करायची असते. आणि आमचा कारखाना काय दर्जाचा होता, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. दुपारच्या पाळीला तिथे रंग ओघळायचा, म्हणून कर्टिसने डाव्या दाराखाली मुद्दाम ओघळ आणला. पहिला ओघळ फार सुबक आला म्हणून खरवडून दुसरा आणला. उजवं दार किंचित तिरपं बसायचं; ते तिरपं बसवायला त्याला एक आख्खा शनिवार लागला. तपासनीस खडूने पत्र्यावर खूण करायचा आणि तो डावरा होता, म्हणून कर्टिस आठवडाभर डाव्या हाताने खडू गिरवत बसला.

“हा बोल्ट चुकीचा आहे,” एकदा मी न राहवून म्हणालो. “बाकीचे तीन वेगळे आहेत.”

“चुकीचाच पाहिजे,” तो म्हणाला. “त्या महिन्यात त्यांच्याकडचे बरोबरचे बोल्ट संपले होते. हा मी ओरेगनहून मागवलाय.”

बिघाड कसा करायचा हे शिकायला माणूस इतके कष्ट घेतो, हे मी तोवर फक्त राजकारणात पाहिलं होतं.

दुसऱ्या वसंतात तो मागच्या डाव्या चाकावरचा कुजलेला पत्रा कापत होता. मी कॉफी घेऊन आत गेलो तर यंत्र बंद आणि कर्टिस भुईवर बसलेला, चेहरा मैद्यासारखा.

“बघ,” तो कसाबसा म्हणाला.

बाहेरचा पत्रा आणि आतला पत्रा यांच्या मधल्या बंद पोकळीत, गंजलेल्या तारेला, सोड्याची एक काचेची बाटली लटकत होती. बाटलीत तीन नट. मी बोटाने हलवली. किण्ण.

ऑर्फाबाईंचा बिचारा नवरा मला आठवला. उगाच दारू सोडली होती त्याने.

“कोणीतरी मुद्दाम लटकवलीये,” मी म्हणालो. “पत्रा जोडायच्या आधी. डोकं फिरावं म्हणून.”

“कारखान्यात,” कर्टिस म्हणाला. त्याचा आवाज आता घाबरल्यासारखा नव्हता, देवळात आल्यासारखा होता. “म्हणजे मूळची आहे.”

“कर्टिस, ही खोडी आहे.”

“खोडी असेल. पण मूळची आहे.”

त्याने क्लबाच्या परीक्षकांना, ओहायोतल्या टटल नावाच्या गृहस्थांना, फोन लावला. फोन मोठ्याने ऐकू येईल असा ठेवला होता. टटलांनी आधी बाटलीचं सगळं वर्णन ऐकून घेतलं. मग घसा साफ करून म्हणाले, “बेटा, जोडणीच्या पट्ट्यावर गाडीत जे जे गेलं ते ते गाडीचं. बाटली काढलीस तर मी गुण कापीन.”

“आणि तार?”

“तार गंजली असेल तर त्याच जाडीची दुसरी लाव. ही सवलत देतो.”

“तू ती परत आत लटकवणार?” मी विचारलं. हा प्रश्न मी आजवर कोणत्याही शुद्धीतल्या माणसाला विचारला नव्हता.

“काढायचा मला काय अधिकार?” कर्टिस म्हणाला. “मी त्यांचं एकदा काढून घेतलंय. आता सगळं जसंच्या तसं परत द्यायचं.”

पंधरा दिवसांनी त्याच जाडीची तार आली. बाटली लटकली, नटांसकट. वर नवा पत्रा बसला, झाळला गेला, घासला गेला आणि नारिंगी झाला.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आता पुरे. सोमवारी लायसन्स परत द्यायचं ठरलं. कर्टिसने रविवार धरला. दुपारी जेवायला म्हणून माझी बायको डेनीस, म्हणजे कर्टिसची धाकटी बहीण, लॅडींना घेऊन आली. कर्टिसने इस्त्रीचा शर्ट घातला होता. गॅरेजचं दार त्याने असं वर सरकवलं जसं कोणी पडदा उघडतं.

लॅडी अंगणाच्या मध्यावर थांबले.   तोंड उघडं राहिलं. चेहऱ्यावरचं रक्त कुठे गेलं कळेना.

“ही… तसलीच?” ते म्हणाले.

“तसली नाही, डॅड. तीच.”

“तीच म्हणजे?”

“तुमच्या किल्लीने उघडली.”

लॅडी पायरीवर बसले. दोन्ही हात डोक्याला लावले. डेनीस रडू लागली, कर्टिस रडू लागला, शेजारचे थोरोगुड नवरा-बायको कुंपणापाशी येऊन रडू लागले. इतका आनंद मी आजवर एका अंगणात पाहिला नव्हता. लॅडी तेवढे रडत नव्हते. ते गाडीच्या मागच्या डाव्या बाजूकडे एकटक बघत होते.

“सगळं मूळचं आहे, डॅड,” कर्टिस म्हणाला. “खिळान्‌खिळा. चालवा ना.”

“नजर नाही रे मला.”

“सोमवारपर्यंत आहे. कागदावर आहे.”

एवढ्या रडणाऱ्या लोकांपुढे नाही म्हणणं लॅडींच्या स्वभावात नव्हतं. ते स्टीअरिंगच्या चाकामागे बसले, कर्टिस शेजारी, मी मागे. इंजिन सुरू झालं तसा थोरोगुडांचा कुत्रा घरात पळाला. त्या आवाजात काही ऐकू येणं शक्य नव्हतं, हे मला बरं वाटलं.

गल्लीच्या टोकाला लॅडी उजवीकडे वळले. पुढे पुन्हा उजवीकडे. मग चर्चपाशी पुन्हा उजवीकडे.

“डॅड, आपण परत घराकडेच चाललोय,” कर्टिस म्हणाला.

“बरं आहे की.”

“कारखान्याकडे घ्या ना. डावीकडे.”

लॅडींनी चाक घट्ट धरलं. सिग्नल हिरवा झाला, मागच्याने भोंगा दिला. लॅडी डावीकडे वळले. माझ्या कानामागे, मोठ्या इंजिनाच्या गडगडाटातून, कोणीतरी पेल्याला पेला भिडवून तब्येतीला शुभेच्छा द्याव्यात तसं वाजलं.

किण्ण.

लॅडींनी गाडी कडेला घेतली आणि बंद केली. समोर कारखान्याची जागा होती. आता तिथे कोणाच्या तरी पार्सलांची गोदामं आहेत. 

“आहे अजून,” लॅडी म्हणाले.

“काय, डॅड?”

“बाटली.”

कर्टिसचं तोंड उघडलं. “तुम्हाला माहीत आहे?”

“मीच लटकवली.”

मला आठवतं, त्या क्षणी मी सीटबेल्ट घट्ट केला. गाडी उभी होती तरी.

“क्रॉल नावाचा फोरमन होता आमचा,” लॅडी समोर बघत सांगू लागले. “माणूस मुतायला गेला तरी घड्याळ लावायचा. एकदा सगळ्या पाळीसमोर मला म्हणाला, विटेक, तुझ्यापेक्षा खांब बरा, तो निदान छत तरी धरतो. त्यानेच स्वतःसाठी एक गाडी नोंदवलेली. पट्ट्यावरून तिचा सांगाडा आला, वर चिठ्ठी, क्रॉल. माझ्या हातात जेवणातली रिकामी बाटली. लटकवली. पुढच्याने पत्रा जोडला. पाळी सुटली तेव्हा आम्ही चौघं हसत घरी गेलो.”

“मग ती तुमच्याकडे कशी आली?” मी विचारलं.

“क्रॉलची बदली झाली मिसूरीला, बढतीवर. गाडी न घेताच गेला, हे मला मागाहून कळलं. कंपनी म्हणाली, एक कोरी गाडी पडून आहे, कामगारांपैकी कोणाला हवी तर सवलतीत. मी बघायला गेलो. नारिंगी, चकाचक! जावईबापू, तुम्ही प्रोफेसर, शिकलेले लोक, तुम्ही सांगा, मला कसं कळणार? माझ्यापुढून गेला तो उघडा पत्रा होता. रंग पुढच्या इमारतीत लागतो. मी घेतली. कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडलो आणि डावीकडे वळलो.”

“किण्ण,” ते म्हणाले.

“पत्रा कापून काढायची मग,” कर्टिस म्हणाला.

“कुठे? गावात पत्राकाम करणारा एकच, तो क्रॉलचा साडू. बाटली बघताक्षणी त्याने ओळखलं असतं की खात्यातल्या कोणाचं काम आहे. नोकरी गेली असती, युनियननेही हात वर केले असते. मग मी उजवीकडेच वळायला लागलो. उजवीकडे वळलं की ती बाहेरच्या पत्र्याला टेकते, तिथे डांबराचा लेप असतो, वाजत नाही. कामावर जाताना गावाला वळसा घालून जायचो. तुझ्या आईला वाटायचं मला नदीकाठ आवडतो.” लॅडींनी मान वळवली. “कर्ट, पण हा पत्रा तर नवा दिसतोय.”

“मी बदलला.”

“म्हणजे जुना कापलास.”

“हो.”

“मग तुला बाटली दिसली असेल.”

“हो.”

“हातात घेतलीस?”

“हो, डॅड.”

“आणि?”

“परत लटकवली.”

लॅडी विटेक यांनी आयुष्यात बरंच काही पाहिलं आहे: दोन संप, एक आग, कारखान्याला लागलेलं टाळं. पण आपल्या मुलाकडे ते ज्या नजरेने बघत होते, तसं त्यांनी यातल्या कशाकडेही बघितलं नसावं.

“का?” त्यांनी अगदी हळू विचारलं.

“मूळची होती,” कर्टिस म्हणाला.

“गाढवा, मी तीन उन्हाळे देवाला हात जोडत होतो की ही तार तुटू दे!”

“तार गंजली होती. मी नवी घातली.”

लॅडींनी कपाळ चाकावर टेकवलं. भोंगा वाजला. गोदामातला पहारेकरी बाहेर येऊन बघून गेला.

मग कर्टिसने तो प्रश्न विचारला, ज्यासाठी माझं गॅरेज गेलं होतं. “पण डॅड… गाडी तर तुम्ही माझ्यासाठी विकलीत ना? मी येणार होतो म्हणून?”

“ते तुझ्या आईने लावलं होतं. तिला मी म्हटलं, खर्च परवडत नाही, विकून टाकतो. बाटलीचं सांगायची सोय नव्हती. तिला सांगितलं की रविवारी चर्चमध्ये सगळ्या गावाला कळायचं. पुढे तू झालास तेव्हा तिने दोन्ही गोष्टी एकत्र बांधल्या. ऐकायला बरं वाटायचं. मी कशाला मोडू?”

“म्हणजे मी नव्हतो कारण?”

“तू? गाडी विकली बहात्तरच्या ऑक्टोबरात. तू झालास पंचाहत्तरच्या मार्चमध्ये. हत्तीणसुद्धा एवढं लांबवत नाही रे.”

मी मागच्या सीटवर मनात वजाबाकी केली. बरोबर होती. कर्टिसला त्या गाडीतल्या प्रत्येक बोल्टाचे आटे पाठ होते, तिचे सगळे मालक तारीखवार तोंडपाठ होते, आणि स्वतःची जन्मतारीख तर माणसाला येतेच. हे दोन आकडे एकाखाली एक मांडावेत असं एवढ्या वर्षांत त्याला कधी वाटलं नाही. मलाही नाही, आणि मी गावच्या कॉलेजात इतिहास शिकवतो.

“मी लग्नात तुमची माफी मागितली,” कर्टिस म्हणाला.

“हो. मला कळेना कशाबद्दल.”

“जन्मभर मी शेवटचा तुकडा…”

“मला वाटायचं, पोराला भूक कमी आहे.”  लॅडींनी त्याच्या गुडघ्यावर थापटलं, जरा जोरातच. “हे बघ, तू माझं काही देणं लागत नव्हतास. पण उद्यापासून मला डॉक्टरकडे, न्हाव्याकडे आणि पत्त्यांच्या क्लबात कोणीतरी न्यायला लागेल. ते कर. आणि ज्या गाडीत चढताना माझा खुबा दुखत नाही, ती आण.”

परतीचं चाक त्यांनी कर्टिसच्या हातात दिलं. आम्ही नदीकाठाने गेलो, सगळीकडे उजवीकडे वळत, त्यामुळे दहा मिनिटांच्या वाटेला पाऊण तास लागला. डेनीस अंगणात उभी होती. “कसे होते डॅड?” तिने मला विचारलं. “खूप भारावले का?” मी म्हटलं, खूप.

सोमवारी लॅडींनी लायसन्स परत केलं. आता कर्टिस त्यांना डेनीसच्या व्हॅनमधून हिंडवतो, आणि दोघं वाटेत भांडतात. थँक्सगिव्हिंगला टर्की कापून झाल्यावर सगळे क्षणभर थांबले. कोणीच कथा सांगितली नाही. शेवटचा तुकडा कर्टिसने स्वतः खाल्ला.

वुल्व्हरीन नाताळाआधी टोलीडोच्या एका दंतवैद्याने घेतली. सगळं मूळचं आहे ना, एवढंच त्याने विचारलं. कर्टिसने त्याला बाटलीसुद्धा सांगितली, तर तो खूश झाला.

तो ती चालवत नाही.